क्षमा आणि क्षमता

पुण्यात येरवडा म्हटले की मराठी माणसाच्या डोळ्यांपुढे प्रथम तुरुंगाच्या भिंती उभ्या राहतात. परंतु त्याच येरवड्यात गोल्फचे एक जुने मैदानही आहे, आणि माझे एक स्नेही, ज्यांचे सारे आयुष्य यंत्रांच्या सहवासात गेले व जे आता निवृत्त झाले आहेत, ते तेथे सकाळच्या वेळी नित्यनेमाने जातात. गेल्या हिवाळ्यात त्यांच्या आग्रहाला मान देऊन मीही एकदा त्यांच्यासोबत गेलो. त्यांनी पिशवीतून लांब दांड्याचा आणि भल्यामोठ्या पोकळ डोक्याचा एक क्लब काढला, याला ड्रायव्हर म्हणतात एवढे सांगून तो माझ्या हाती दिला, आणि म्हणाले, "घाबरू नका हो. हा फार फॉरगिव्हिंग आहे. चेंडू मधोमध नाही लागला तरी सांभाळून घेतो." माझा पहिला फटका चेंडूच्या वरून नुसताच हवेतून गेला, आणि तसल्या फटक्याला क्षमा करण्याचे सामर्थ्य कोणत्याही ड्रायव्हरच्या अंगी नसते एवढा बोध मला तत्काळ झाला, तथापि तो शब्द माझ्या मागे लागला तो लागलाच. धातूच्या एका निर्जीव वस्तूस क्षमाशील म्हणणे हा केवळ विक्रेत्यांच्या भाषेतला अलंकार आहे, की त्या अलंकाराच्या पोटात काही अर्थही दडलेला आहे?

आपल्या भाषेत 'चुकणे' हे क्रियापद मोठे मार्मिक आहे. नेम चुकतो, वाट चुकते, हिशेब चुकतो, आणि ज्याच्या हातून अपराध घडला तो मनुष्यही मान खाली घालून "माझे चुकले" असेच म्हणतो. ग्रीक भाषेचीही गोष्ट निराळी नाही. होमरच्या काव्यात फेकलेला भाला लक्ष्यावर न लागणे या अर्थी जे क्रियापद येते, त्याच्याच कुळातला 'हामार्तिया' हा शब्द पुढे ख्रिस्ती धर्मग्रंथाच्या नव्या करारात पाप या अर्थाने रूढ झाला. तेव्हा मध्य चुकलेला फटका आणि धर्मशास्त्रातला अपराध यांची सोयरीक भाषेनेच फार पूर्वी जुळवून ठेवली आहे. मी ती नव्याने जमवतो आहे असा आरोप माझ्यावर येऊ नये.

क्षमेच्या संदर्भात धर्मविचाराला जो प्रश्न पुन्हा पुन्हा छळत आला, तो असा: कर्माचा नियम जर अढळ असेल, केलेल्या कृतीचे फळ जर रतीभरही न घटता कर्त्याच्या पदरात पडणारच असेल, तर या विश्वात क्षमेला जागा उरते कोठे? क्षमा केली तर नियम मोडतो, आणि नियम पाळला तर क्षमा संपते. या पेचातून सुटण्याची वाट लोकव्यवहाराने कचेरीतून उचलली. सरकारने सनद करून दिली की इनामाच्या जमिनीवरचा सारा माफ. पिकाची आणेवारी घसरली की साऱ्याची सूट, निदान तहकुबी. आकारणीचा कायदा कायम, पण हुकमापुरता तो बाजूस ठेवलेला. 'माफी' हा शब्द अरबी-फारसीच्या वाटेने आपल्याकडे आला, दफ्तरांत वाढला, आणि पाहता पाहता आपण परमेश्वरही एक दयाळू हुजूर म्हणून कल्पू लागलो, जो अर्जदाराची दीनवाणी मुद्रा पाहून बाकी खारीज करण्याचा शेरा मारतो. या कल्पनेत भक्ताला दिलासा आहे. तत्त्वचिंतकाला मात्र तो मिळत नाही, कारण ज्या नियमाला अर्ज-विनंतीने अपवाद होतो त्याला नियम म्हणावे तरी कशाला, ही त्याची शंका तशीच राहते.

ड्रायव्हरच्या राज्यात असा हुजूर कोणी नाही. चेंडू आणि क्लबचे मुख यांचा स्पर्श सेकंदाच्या सुमारे दोन हजाराव्या भागाइतकाच टिकतो, आणि तेवढ्या अवधीत न्यूटनचे नियम कोणाचाही अर्ज दाखल करून घेत नाहीत. ड्रायव्हरच्या डोक्याचे वजन सुमारे २०० ग्रॅम असते आणि चेंडूचे वजन खेळाच्या नियमांनुसार ४५.९३ ग्रॅमच्या वर जाऊ शकत नाही. फटका डोक्याच्या गुरुत्वमध्याच्या नेमका समोर बसला तर ते सगळे २०० ग्रॅम एकदिलाने चेंडूच्या पाठीशी उभे राहतात. हा सोळा आणे फटका. तोच फटका दोन सेंटिमीटर टोकाकडे सरकला, की डोके चेंडूला ढकलता ढकलता स्वतःच गुरुत्वमध्याभोवती वळू लागते, मुख उघडते, आणि जो जोर चेंडूला मिळावयाचा तो या वळण्यात खर्ची पडतो. चुकलेल्या फटक्याला डोके जणू हलके होऊन भेटते. किती हलके, हे ज्या गुणावर ठरते त्याला शास्त्रात जडत्व-आघूर्ण म्हणतात. फिरवू पाहणाऱ्या बळाला वस्तू जो विरोध करते त्याचे ते माप. साध्या यांत्रिकीचा हिशेब मांडून पाहिला तर असे दिसते, की हे आघूर्ण २,००० ग्रॅम-वर्ग-सेंटिमीटर असेल, तर दोन सेंटिमीटर चुकलेल्या चेंडूला ते २०० ग्रॅमचे डोके १४३ ग्रॅमचे असल्यासारखे लागते आणि चेंडूचा वेग सुमारे सात टक्क्यांनी घटतो. आघूर्ण ५,००० असेल तर तेच डोके १७२ ग्रॅमचे असल्यासारखे लागते आणि घट तीन टक्क्यांवर येते. वजन दोन्ही वेळा तेच, चूक तीच, नियमही तोच. फरक एवढाच, की ते वजन कोठे ठेवले आहे.

आघूर्णाच्या हिशेबात प्रत्येक कणाचे वजन त्याच्या अक्षापासूनच्या अंतराच्या वर्गाने गुणले जाते. म्हणून मध्यापासून दुप्पट दूर नेलेला ग्रॅम चौपट कामास येतो. हे शहाणपण गोल्फच्या कारागिरांना उशिरा सुचले. जुने ड्रायव्हर पर्सिमनच्या, म्हणजे आपल्या टेंभुर्णीच्याच कुळातल्या एका अमेरिकन झाडाच्या, कठीण लाकडाचे भरीव गोळे असत. आजच्या डोक्याच्या निम्म्याहूनही लहान आणि मध्याच्या बाहेर लागलेल्या चेंडूच्या बाबतीत अत्यंत कठोर. नॉर्वेत जन्मलेला आणि अमेरिकेत जनरल इलेक्ट्रिक कंपनीत अभियंता असलेला कार्स्टन सोल्हाइम याने १९५९ साली भोकाकडे चेंडू ढकलण्याचा एक पटर बनविला, त्यात वजन मधून काढून दोन्ही टोकांना नेले, आणि त्या पटरचा जो नाद होई त्यावरून आपल्या मालाला 'पिंग' हे नाव दिले. पुढे १९७९ साली स्थापन झालेल्या टेलरमेडने पोकळ धातूचे ड्रायव्हर बाजारात आणले, १९९१ साली कॅलवेच्या 'बिग बर्था'ने डोक्याचा आकार वाढविला, आणि टायटॅनियमसारखा हलका पण बळकट धातू हाती आल्यावर कवच पातळ, छप्पर कार्बनच्या तंतूंचे आणि वाचलेले वजन टंगस्टनच्या तुकड्याच्या रूपाने पार मागे, तळाशी, अशी रचना रूढ झाली. ड्रायव्हरचा गुरुत्वमध्य मुखापासून दूर, खोल आणि खाली गेला, आणि जो क्लब पूर्वी शासन करीत असे तो सांभाळून घेऊ लागला.

धर्मविचाराने येथे क्षणभर थांबावे, असे मला वाटते. या साऱ्या प्रगतीत निसर्गनियमाचे एक अक्षरही बदलले नाही. आजचा ड्रायव्हर चुकलेल्या फटक्याला माफी देत नाही, त्याचे फळ पूर्णपणे, नियमाप्रमाणेच देतो. परंतु ते फळ ज्या देहातून येते त्या देहातला भार अशा रीतीने वाटलेला असतो, की नियम अक्षरशः पाळूनही फळ सौम्य होते. क्षमा आणि नियम यांच्यात जो विरोध आपण धरून चाललो, तो वस्तुतः माफी आणि नियम यांच्यातला विरोध होता. क्षमेला अपवादाची गरज नाही. तिला रचनेची गरज आहे. आणि संस्कृत भाषा हेच अधिक थोडक्यात सांगते. 'क्षम्' या धातूचा अर्थ सहन करणे, भार पेलणे. त्याच धातूपासून 'क्षमा' झाली आणि त्याच धातूपासून 'सक्षम' व 'क्षमता' हे शब्दही झाले. एवढेच नव्हे, तर क्षमा हे पृथ्वीचेही एक नाव आहे, जिच्याइतका भार वाहणारे आणि जिच्याइतके न डगमगणारे आपल्या अनुभवात दुसरे काही नाही. ज्याच्यात पेलण्याची ताकद आहे तोच क्षमा करू शकतो, हा उपदेश आपण नीतिपाठ म्हणून ऐकत आलो. तो आधी व्याकरणात होता.

मग माणसाचा गुरुत्वमध्य कोठे असतो? क्लबच्या ज्या पृष्ठाशी चेंडूची गाठ पडते त्याला मी वर मुख म्हटले, आणि तो शब्द येथे फार उपयोगी पडतो. ज्या मनुष्याचा सगळा भार त्याच्या मुखात साठलेला असतो, म्हणजे ज्याचे सगळे वजन लोकांना दिसणाऱ्या भागात, मानमरातबात, अब्रूत, चार माणसांत आपले काय दिसेल या चिंतेत असते, त्याला जरासा तिरका शब्द लागला की तो जागच्या जागी गरकन फिरतो. त्याला क्षमा करावयाची नसते असे नाही, त्याच्याने ती होत नाही. ज्याने आपला भार मागे, खोल आणि खाली नेऊन ठेवला आहे, काही अभ्यासात, काही उपासनेत, काही अशा माणसांच्या काळजीत की जी त्याच्या परिघावर उभी आहेत, त्याला तोच शब्द लागतो. परंतु तो हलतो कमी. अशा माणसाला आपण 'भारदस्त' म्हणतो, आणि भार केवढा यापेक्षा तो कोठे आहे याचीच दखल त्या शब्दाने घेतलेली असावी असा मला दाट संशय आहे.

या व्यवस्थेची किंमत मात्र मोजावी लागते, आणि ती लपविणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. गुरुत्वमध्य मागे नेला की चेंडू थोडा उंच सुटतो आणि त्यावरची उलटी फिरकी वाढते. समोरून वारा असेल तर तो आकाशात फुगतो आणि पल्ला घटतो. गुरुत्वमध्य पुढे, मुखाजवळ आणला की फिरकी कमी होते, नेमक्या बसलेल्या फटक्याचा चेंडू दूर धावतो, पण चुकलेल्याला थारा मिळत नाही. २०१३ साली टेलरमेडने एसएलडीआर नावाचा जो ड्रायव्हर काढला त्यात वजन मुद्दाम पुढे आणि खाली ठेवले होते, आणि ज्याचा हात पक्का त्याला तो भरपूर देत असे. म्हणजे क्षमता आणि क्षमा एका धातूच्या लेकी असल्या तरी त्यांच्यात भावकीचा तंटा आहेच. महाभारताच्या वनपर्वात द्रौपदी आणि युधिष्ठिर यांच्यामध्ये झडलेला वाद हा याच तंट्याचा सर्वांत जुना कागद. वनवासात सर्वस्व गमावून बसलेली ती तेजस्विनी पतीला विचारते की तुमचा क्रोध गेला कोठे, आणि प्रल्हाद व बली यांचा संवाद पुढे करून सांगते की सदा तेजही हितकारक नाही आणि सदा क्षमाही हितकारक नाही. युधिष्ठिर उत्तरादाखल क्षमेचा महिमा गातो. गीतेच्या सोळाव्या अध्यायात दैवी संपत्तीची जी यादी आहे, तीत तेज आणि क्षमा ही दोन नावे एकमेकांना लागून येतात, याकडे मी नेहमी कुतूहलाने पाहात आलो; यादी करणाऱ्याला ती जोडी अशक्य वाटली नाही, पण ती आपोआप जमते असेही तो म्हणत नाही. खरा कारागीर तो, जो आपल्या हाताचा कंप ओळखून भार किती मागे न्यावा हे ठरवतो. ज्याचा हात कधीच चुकत नाही त्याने सगळे वजन पुढे ठेवावे. असा मनुष्य मला अद्याप भेटावयाचा आहे.

ड्रायव्हरच्या रचनेत आणखी एक सूक्ष्म गोष्ट आहे, जी समजल्यापासून मी त्या वस्तूकडे आदराने पाहू लागलो. ड्रायव्हरचे मुख सपाट नसते. ते आडव्या दिशेने किंचित फुगीर असते. उजव्या हाताने खेळणाऱ्याचा चेंडू टोकाकडे लागला तर या फुगवट्यामुळे तो आधी उजवीकडेच सुटतो. परंतु गुरुत्वमध्य मुखाच्या बराच मागे असल्यामुळे डोके वळताना मुखही आडवे सरकते, आणि एकमेकांत अडकलेली दातेरी चाके जशी उलट दिशांना फिरतात तशी चेंडूवर उलट फिरकी चढते, जिच्या योगे तो हवेत हळूहळू वळून मधल्या हिरवळीकडे परत येतो. मुख सपाट असते तर ही फिरकी चेंडूला भलतीकडेच, डावीकडच्या झाडीत नेऊन टाकती; आणि गुरुत्वमध्य मुखाला चिकटलेला असता तर फिरकीच नगण्य राहिली असती. तात्पर्य, चुकलेल्याला थोडे दूर जाऊ द्यावे, आणि जाताना त्याच्या अंगी परत येण्याची कला भरावी, अशी ही योजना आहे. चुकलेल्या मुलाला दारातच अडवून सरळ करू पाहणारे बाप आणि त्याला जाऊ देणारे बाप असे दोन्ही प्रकार मी पाहिले आहेत. जाऊ देणाऱ्यांपैकी ज्यांची मुले परतली, त्या बापांच्या स्वभावात खोली होती, आणि मुखावर थोडी गोलाईही होती.

परंतु ड्रायव्हर काय सांभाळून घेत नाही, हेही पाहिले पाहिजे. चेंडू मुखावर कोठे लागला, या चुकीपुरतीच त्याची क्षमा आहे. मुख ज्या दिशेला वळवून तुम्ही फटका मारता त्या दिशेविषयी तो काहीच करीत नाही. किंबहुना स्थिर डोके चुकीच्या दिशेलाही तितक्याच निष्ठेने चेंडू धाडते. स्खलनाला आधार आहे, उद्देशाला नाही. प्रल्हादाच्या तोंडी महाभारताने घातलेला विवेकही असाच आहे: अजाणता घडलेला अपराध क्षम्य मानावा, पहिला अपराधही पोटात घालावा, परंतु जाणूनबुजून केलेले कृत्य अजाणतेपणाच्या पांघरुणाखाली लपवू पाहणाऱ्यास, ते कृत्य लहान असले तरी, मोकळे सोडू नये. आपल्याकडे क्षमेविषयी जो गोंधळ माजतो त्यातला बराचसा भाग हा स्थान आणि दिशा यांच्यातला भेद न केल्याने माजतो. हात चुकलेल्याला आपण वर्षानुवर्षे धारेवर धरतो, आणि ज्याने मुखच वाकडे धरले होते त्याच्या सफाईदार फटक्याचे कौतुक करतो.

क्षमेला मर्यादा असावी की नसावी, या प्रश्नाचे उत्तर गोल्फच्या शास्त्यांनी तर आकड्यात दिले आहे. अमेरिकेतील युनायटेड स्टेट्स गोल्फ असोसिएशन आणि स्कॉटलंडमधील सेंट अँड्र्यूजची आर अँड ए या दोन संस्था खेळाचे नियम ठरवितात. त्यांनी ड्रायव्हरच्या डोक्याचे आकारमान ४६० घनसेंटिमीटरवर रोखले, आणि २००६ पासून उभ्या अक्षाभोवतीच्या जडत्व-आघूर्णाला ५,९०० ग्रॅम-वर्ग-सेंटिमीटर ही सीमा घातली; मोजमापातल्या फरकासाठी वर १०० ची सवलत. कारण उघड आहे: ज्या दिवशी चुकलेला आणि न चुकलेला फटका यांचे फळ सारखे होईल त्या दिवशी कौशल्य ही वस्तूच राहणार नाही, आणि कौशल्य नसेल तर क्षमा तरी कशाची करावयाची? क्षमेला चुकीचे अस्तित्व मान्य असावे लागते. मनुष्यस्वभाव मात्र कायद्याहून चतुर. नियम एका अक्षाला बांधतो हे पाहून कारखानदारांनी दुसऱ्या, आडव्या अक्षाभोवतीचे आघूर्ण वाढविले, आणि २०२४ साली दोन्हींची बेरीज १०,००० च्या वर गेल्याची जाहिरात करणारे ड्रायव्हर बाजारात आले. क्षमेची कायद्यातूनही पळवाट काढण्याची ही हौस पाहून मला हसू आले, आणि थोडे बरेही वाटले.

यावर एक आक्षेप राहतोच, आणि तो वजनदार आहे. क्षमा म्हणजे मनात उठलेला रोष जाणूनबुजून सोडून देणे. अठराव्या शतकातील इंग्लिश धर्मोपदेशक जोसेफ बटलर याने १७२६ साली प्रसिद्ध केलेल्या प्रवचनांत रोष आणि क्षमा यांचा विचार जोडीनेच केला आहे. ड्रायव्हरला रोषच नाही, तेव्हा त्याची क्षमा ही क्षमा कसली? हे मला मान्य आहे. टायटॅनियमच्या डोक्याला पुण्य लागत नाही. परंतु ज्या कारागिराने ते घडविले त्याचे काय? मैदानावर जाणारा मनुष्य मध्य चुकणार, आज, उद्या आणि पुष्कळदा चुकणार, हे त्याने आधीच धरून चालले. त्या चुकीचा राग मानण्याऐवजी त्याने तिची सोय केली, आणि तीही चूक घडण्यापूर्वी कितीतरी महिने. सेकंदाच्या दोन हजाराव्या भागात क्षमा करावी की न करावी याचा निवाडा करण्यास वेळ नसतो. माणसाच्या बाबतीतही तो क्षण याहून फारसा मोठा नसतो. त्या क्षणी जे घडते ते आधी केलेल्या मांडणीचे फळ असते, आणि या अर्थाने कर्माचा नियम क्षमा करणाऱ्यालाही लागू आहे. ईश्वरी कृपेची कल्पना करावयाची तर मला ती आता हुजुराच्या शेऱ्यापेक्षा अशा कारागिराच्या दूरदृष्टीसारखी कल्पावीशी वाटते.

काही वर्षांपूर्वी माझ्या एका लेखाचे मुद्रित तपासताना एका तरुण सहकाऱ्याच्या हातून एक ओळ गळली आणि अर्थाचा अनर्थ झाला. तो क्षमा मागावयास आला, आणि मी मोठ्या उदारपणे "विसरून जा, माफ केले" असे म्हणालो. आणि त्यानंतर वर्षभर कोणतेही काम त्याच्याकडे सोपविताना मी एकेक शब्द स्वतः दोनदा तपासला, त्याच्या देखत. हुजूर म्हणून मी शेरा मारला होता, पण भार तसाच मुखात ठेवला होता. येरवड्याहून परतताना ही गोष्ट आठवली तेव्हा मी स्नेह्यांना विचारले, की ड्रायव्हरमधले वजन मागे सरकवता येते ना? "येते की," ते म्हणाले, "एक स्क्रू सैल करावा लागतो. पण खेळ सुरू होण्याआधी हं. मध्येच नाही चालत."